नव्या धन्याचं पागोटं

डिंपलची बॅग भरून झाली होती, तिकीट आलं होतं, जळगावच्या ठिबक सिंचनाच्या कंपनीतली नोकरी सोडून तिला नऊ दिवस झाले होते, आणि नेमकं तेव्हाच समुद्रापलीकडच्या त्या देशातलं सरकार बदललं.

त्या देशाचं नाव लांबलचक होतं. असोद्याच्या चुडामण आबांच्या घरात सगळे त्याला नुसतं ‘बेटं’ म्हणत, कारण तो देश म्हणजे समुद्रात विखुरलेली लहान लहान बेटंच होती. आपली आणि बेटांची जुनी दोस्ती. त्या दोस्तीच्या करारातून तिकडच्या लोकांना ठिबकवर केळी कशी घ्यायची हे शिकवायला इकडून दहा जण दोन वर्षांसाठी जायचे होते. त्या दहांत आबांची नात डिंपल होती.

सोमवारी टीव्हीवर सांगितलं, की बेटांवरचे जुने राष्ट्राध्यक्ष हरले, नवे आले. मंगळवारी आपल्या सरकारने नव्यांचं अभिनंदन केलं आणि दोन्ही देशांची मैत्री अतूट असल्याचं जाहीर केलं. बुधवारी डिंपलला मेल आला, की पुढील सूचना मिळेपर्यंत प्रवास करू नये.

आबांनी तो मेल तिच्याकडून तीनदा वाचून घेतला.

“मैत्री अतूट हाये म्हणे ना तो टीव्हीवाला?”

“हो, आबा.”

“मंग तुले काबर थांबवलं?”

“मला काय माहीत?”

“तुटली म्हणाले असते तं समजलं असतं. अतूट हाये आणि थांबा, याचा अर्थ कसा लावा माणसानं?”

डिंपलने फोन पालथा ठेवला आणि ती मागच्या अंगणात जाऊन उगाचच धुतलेले कपडे पुन्हा झटकू लागली. तिच्या जागेवर कंपनीने दुसरी मुलगी घेतली होती. तिला काम शिकवलं होतं डिंपलनेच. परत जायला जागा नव्हती, आणि पुढे जायला परवानगी नव्हती.

खरं सांगायचं तर आबांच्या मनात त्या बुधवारी पहिली गोष्ट आली ती आनंदाची. पोरगी घरीच राहिली! मग त्यांची त्यांनाच लाज वाटली. ही नात चौथीत असताना हिनेच साठीला आलेल्या आजोबांना आपल्या वहीत अक्षरं गिरवायला लावली होती, आणि रोज संध्याकाळी कान धरून पेपर वाचायला बसवलं होतं. आज तिचं अडलं तर आपल्याला बरं वाटतं? आबा उठले, ओट्यावर आले, पुन्हा आत गेले. आबांची बायको कुंदाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, “बसा की एका जागी. तुमच्या फेऱ्यांनी सरकार हलणार हाये का?”

तिला पाठवायला आबा आधी तयारच नव्हते. ते राजी झाले ते जुन्या राष्ट्राध्यक्षामुळे. चार वर्षांपूर्वी तो माणूस जळगावला ठिबक पाहायला आला होता, आणि अर्धा तास आबांच्या केळीच्या बागेत होता. जाडजूड, हसरा. चपला काढून ओल्या मातीत उभा राहिला, पत्रावळीवर वांग्याचं भरीत खाल्लं, आबांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला आणि दुभाष्याकडून निरोप दिला, की आमच्या घराला आपलं घर समजा. तो फोटो बैठकीत लावलेला होता. आबांनी डिंपलला होकार दिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे तो हसरा माणूस होता. घर माहितीतलं होतं. आता त्या घरात दुसराच बसला होता, आणि त्याचं तोंडही आबांनी पाहिलेलं नव्हतं.

शुक्रवारी धुळ्याहून नवल नाना आले. नाना म्हणजे आबांचे व्याही, डिंपलच्या आईचे वडील. मूळचे इकडचेच, पण चाळीस वर्षं धुळ्यात काढून त्यांची बोली पार तिकडची झाली होती. दाराबाहेर चप्पल काढतानाच ते म्हणाले, “काय व्हयनं आबा? चेहरा काबर उतरेल शे?”

आबांनी सगळं सांगितलं. नानांनी चहा बशीत ओतला, फुंकला, आणि एकदम मुद्द्यावर आले.

“नवा गडी गादीवर बसना. त्याले पागोटं कोनी बांधं?”

आबांनी नजर पायांशी वळवली. पागोट्याचं नाव नानांच्या तोंडून निघालं की आबांना अवघडल्यासारखं होई. त्याला कारण होतं. आपल्याकडे घरचा कर्ता गेला, की गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी व्याही-सोयरे येतात आणि नव्या कर्त्याच्या डोक्याला पागोटं बांधतात. तुझा बाप गेला, पण सोयरीक त्याच्याबरोबर गेली नाही, ती या घराशी आहे, असा त्याचा अर्थ. नानांचे वडील वारले तेव्हा आबांची एसटी पारोळ्याजवळ बंद पडली. ते पागोटं घेऊन पोचले तोवर पंगती उठल्या होत्या. नाना त्यानंतर वर्षभर असोद्याला आले नव्हते, आणि डिंपलची आई कामिनी हिला दिवाळीचं माहेरपणही झालं नव्हतं.

“ते घरातलं हाये, नाना. देशादेशांत कुठं पागोटं असतं?”

“मंग काय ऱ्हास? पेपरमा काय लिखेल शे, वाचा. नवा राष्ट्राध्यक्ष पहिले कोठे गया? दुसराच देशले गया. आजलोंग जो बी बसना तो पहिले आपलाकडे ये. हाऊ रुसेल शे, आबा. मी वळखस रुसेल मानूस कसा ऱ्हास ते.”

“तुम्ही तं वळखणारच,” कुंदाबाई आतून म्हणाली.

नाना हसले, पण आबांच्या डोक्यात गोष्ट शिरली ती शिरलीच. अभिनंदन केलं, हार पाठवला असेल, पण घराघराचं नातं नवं करून घ्यायला कुणी गेलं का? गेलं नसेल तर त्या माणसाने पोरीला थांबवलं यात त्याची तरी चूक काय?

पुढच्या आठवड्यात शेतीखात्याचे ज्ञानेश्वर साहेब मोटारसायकलवरून आले. त्यांच्या हातात कागद होता आणि कपाळावर घाम. नव्या सरकारची माणसं जळगावला येत होती. जुन्या करारांपैकी कुठले ठेवायचे आणि कुठले सोडायचे, हे ती ठरवणार होती. आणि जुन्या पाहुण्याने जी बाग पाहिली होती तीच त्यांना पाहायची होती.

“तीच काबर?” आबांनी विचारलं.

“तेच आम्हालाही कळत नाही, आबा. चांगल्या मनाने येतात का खोट काढायला येतात, वरती कुणालाच अंदाज नाही. तुम्ही एक करा. जुन्या साहेबांचं नाव काढायचं नाही. आणि तो फोटो तेवढा उतरवून ठेवा.”

फोटो उतरवला. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग उरला. दोन तासांनी साहेबांचा फोन आला. “आबा, फोटो परत लावा. दिल्लीहून सांगितलंय, काढलेला दिसला तर तोही एक इशारा होतो.”

“कसला इशारा?”

“म्हणजे आपण जुन्याला विसरलो असा. मग नवे म्हणतील, उद्या आम्हालाही विसरतील.”

फोटो लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन. फोटो राहू द्या, पण दाराच्या मागे येईल असा लावा. दार उघडं ठेवलं तर दिसणार नाही, आणि कुणी विचारलंच तर आहे म्हणता येईल.

डिंपलने कपाळाला हात लावला. आबांना मात्र हसू आलं नाही. एवढी शिकलेली माणसं एका फोटोपायी रात्रंदिवस फोन करत होती, म्हणजे त्यांनाही आपल्यासारखंच काही समजत नव्हतं. आजवर आबांचा समज होता, की वर कुणालातरी सगळं ठाऊक असतं. तो समज त्या दिवशी गेला.

त्यांनी कुणाला न सांगता असोदा-जळगाव बस धरली आणि ते सुभाष चौकाजवळच्या एका जुन्या कापडदुकानात गेले.

“पागोट्याचं कापड दाखव भो.”

दुकानदाराने नेहमीचा प्रश्न विचारला. “दुःखाचं का सुखाचं?”

दुःखाचं म्हणजे पांढरंशुभ्र. सुखाचं म्हणजे लाल, केशरी, गुलाबी, लग्नातलं. 

“नवा धनी बसला हाये घरात.”

“म्हणजे जुने वारले.”

“वारले नाहीत. जिते हायेत.”

“मग आजारी आहेत?”

“धडधाकट हायेत. फक्त धनी नाही राहिले.”

“वाटण्या झाल्या का?”

“नाही रे बाबा. लोकायनं काढलं त्यायले.”

दुकानदाराने गादीवरून अंग पुढे केलं. असं कुटुंब त्याच्या दुकानात पहिल्यांदाच आलं होतं. “आबा, मी तीस वर्षं पागोटी विकतो. माणूस एकतर असतो, नाहीतर नसतो. पांढरं देऊ का रंगीत, तेवढं सांगा.”

आबांनी दोन्ही ताग्यांवर हात फिरवला. पांढरं नेलं तर जित्या माणसाला मारल्यासारखं होईल. आणि रंगीत नेलं तर तो हसरा माणूस गेला याचा आपल्याला आनंद झाला, असं दिसेल. शेवटी दुकानदारानेच आतून एक दुधी रंगाचं, बारीक तांबड्या काठाचं मलमलीचं कापड काढलं. “हे कशाचं असतं?” आबांनी विचारलं. “कशाचंच नाही. म्हणून तर पडून आहे,” तो म्हणाला. आबांनी ते घेतलं.

पाहुणे सकाळी दहाला येणार होते, ते साडेबाराला आले. चार गाड्या, पोलिसांची जीप, कॅमेरेवाले. आबा धुतलेलं धोतर, कोट आणि टोपी घालून बागेच्या तोंडाशी उभे होते. पागोटं कोटाच्या आत पोटाशी धरलं होतं. मधल्या गाडीतून पन्नाशीची एक बाई उतरली. सावळी, बारीक, चष्मा लावलेली, पायांत बूट. ज्ञानेश्वर साहेब कुजबुजले, “ह्याच मंत्री.”

आबांचे हात कोटाच्या आतच थिजले. बाईच्या डोक्याला पागोटं बांधायचं कसं? अख्ख्या खानदेशात कुणी बांधल्याचं त्यांना आठवेना. तेवढ्यात कुंदाबाई ताट घेऊन पुढे सरकली आणि तीही अर्ध्यात थांबली. आबांच्या कानाशी येऊन म्हणाली, “हळदीकुंकू लावू का नको? गळ्यात तं काहीच नाही हिच्या.”

“मले काय विचारतेस? मी कुठं तिच्या घरी जाऊन आलो?”

कुंदाबाईने अखेर नुसता नारळ दिला आणि वाकून नमस्कार केला. बाईनेही वाकून नमस्कार केला. मग बराच वेळ दोघींपैकी आधी सरळ कुणी व्हायचं हे ठरेना.

बाग दाखवायचं काम डिंपलकडे होतं. ती नळ्या, घड, प्रयोगशाळेत वाढवलेली टिश्यूची रोपं दाखवत होती. बाई ऐकत होत्या, पण चेहऱ्यावर काही उमटत नव्हतं. मागून येणारा दिल्लीचा, पण मराठी जाणणारा दुभाष्या ते बाईंच्या भाषेत सांगत होता. आबांना वाटलं, ही आता गाडीत बसेल, दार लागेल, आणि आपल्याला कधीच कळणार नाही की काय झालं. त्यांनी कोटातून पागोटं बाहेर काढलं.

ज्ञानेश्वर साहेबांचा चेहरा पडला. “आबा, कार्यक्रमात हे नाही.”

“माहीत हाये मले.”

बाई थांबल्या. कॅमेरे वळले. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. आबांनी आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत सुरुवात केली, मग ती अर्ध्यात सोडून मराठीत आले. घरचा धनी बदलला की सोयरे येतात, नव्या धन्याला हे बांधतात, म्हणजे सोयरीक चालू राहते. आमच्याकडून कुणी आलं नसेल तर ती आमची चूक. म्हणून मी आणलं.

दुभाष्याने ते सांगितलं. बाईंनी काहीतरी विचारलं.

“त्या विचारतात, धनी केव्हा बदलतो?”

आबांना खोटं बोलता आलं नाही. “तो वारल्यावर,” ते म्हणाले.

दुभाष्याने ते पुढे सांगितलंच नाही. साहेबांनी डोळे मिटले. बाईंनी दुभाष्याकडे पाहिलं आणि हाताने ‘सांगा’ अशी खूण केली. त्याने सांगितलं. 

बाई बोलू लागल्या तेव्हा त्यांचा आवाज हळू होता. दुभाष्या तुकड्यातुकड्यांनी सांगत गेला. “त्या म्हणतात, जुने राष्ट्राध्यक्ष जिवंत आहेत. त्या त्यांच्याच गल्लीत राहतात. लहानपणी त्यांच्याच अंगणात खेळल्या. आता रस्त्यात ते भेटले तर ओळख द्यायची की नाही, हे त्यांना समजत नाही.”

“मंग तुम्ही काय करता?” आबांच्या तोंडून निघून गेलं.

“त्या म्हणतात, फोन कानाला लावतात.”

कुणीतरी मागे हसलं. बाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि ते कापड घेतलं. उलगडून काठ पाहिला, पुन्हा घडी घातली. “त्या म्हणतात, मी हे घेऊन जाते. पण बांधायचं कुणाच्या डोक्याला, हे तिकडे अजून ठरलेलं नाही. नवे साहेब आहेत, त्यांचे भाऊ आहेत, सैन्यातले एक आहेत.”

 आबांनी डिंपलकडे बोट केलं. “ही माझी नात. तुमच्याकडे यायला निघाली होती. हिला येऊ द्याल का? आधीच्या धन्यानं बोलावलं होतं, म्हणून विचारतो.”

“आबा!” डिंपलचा चेहरा लाल झाला.

बाईंनी डिंपलला पहिल्यांदाच नीट पाहिलं. मग प्रश्न विचारला, तो थेट पाण्याचा. आमच्या विहिरींत समुद्राचं खारं पाणी शिरतं, ठिबकच्या नळ्यांची तोंडं महिनाभरात बंद होतात, तेव्हा काय करायचं? डिंपल दुभाष्याची वाट न पाहता इंग्रजीतच बोलू लागली. खाली बसून तिने नळीचं टोक उघडलं, मीठ कुठे साचतं ते दाखवलं, आम्ल किती दिवसांनी सोडायचं, मग नुसत्या पाण्याने नळी किती वेळ धुवायची ते बोटांवर सांगितलं. बाई तिच्याशेजारी उकिडव्या बसल्या. आबांना त्यातला एक शब्दही कळला नाही. फक्त एवढं दिसलं, की बाईंनी तीनदा मान हलवली आणि एकदा नाही म्हणून हलवली. ती एकदा कशाला हलवली, हे डिंपललाही नंतर सांगता आलं नाही.

गाड्या निघून गेल्या. दाराच्या मागचा फोटो पाहायला कुणी घरात आलंच नाही.

दुसऱ्या दिवशीच्या एका पेपरात छापलं, की चर्चा सकारात्मक झाली. दुसऱ्यात छापलं, की बेटांनी शेतीचा करार गुंडाळला. आबांनी दोन्ही पेपर बोटाने ओळ धरून वाचले आणि शेजारी शेजारी ठेवले. दोन्हींत बाईंचा तोच फोटो होता. एकात त्या हसत आहेत असं वाटत होतं, आणि दुसऱ्यात तोच चेहरा रागावलेला दिसत होता.

तीन आठवडे काही नाही. डिंपल सकाळी उठून मेल पाही, दुपारी पाही, जेवताना पाही. तिच्या वडिलांनी, हितेंद्रने, तिच्यासाठी भुसावळला एक नोकरी पाहिली. ती हो म्हणेना, नाही म्हणेना. आबा तिच्याकडे न पाहता जेवत. आपण पागोटं काढलं नसतं तर? किंवा पांढरं नेलं असतं तर?

चौथ्या आठवड्यात मेल आला. जुनी योजना बंद झाली आहे. तिच्या जागी दुसऱ्या नावाची नवी योजना सुरू होत आहे. मुदत दोन वर्षांऐवजी आठ महिने. दहाऐवजी चार माणसं. डिंपलचं नाव तिसरं, निघायचं सहा दिवसांत.

“म्हणजे आपण जिंकलो का हरलो?” कुंदाबाईने विचारलं.

 ज्ञानेश्वर साहेबांनी फोन करून सांगितलं, की हे दोन्ही सरकारांच्या प्रयत्नांमुळे झालं. धुळ्याहून नाना ओरडले, “पागोटं लागनं ना? मी सांगेल व्हतं!” डिंपल म्हणाली, खाऱ्या पाण्यामुळे झालं. आबांना तिघांचंही पटत होतं आणि तिघांचंही पटत नव्हतं. पोरीला पाठवायला त्यांनी पुन्हा होकार द्यायला हवा होता, कारण पहिला होकार दुसऱ्याच घरासाठी दिलेला होता. पाच दिवस ते तो देऊ शकले नाहीत. सहाव्या दिवशी पहाटे डिंपल पाया पडली तेव्हा ते एवढंच म्हणाले, “पोचली की फोन कर.” तिने तोच होकार धरला.

पोचली, फोन आला. आठ दिवसांनी पुन्हा आला तेव्हा आबा ओट्यावर होते. मागे समुद्राचा की वाऱ्याचा आवाज होता.

“आबा, इथे ऑफिसात सगळेच नवीन आहेत. जुने जाताना कागदही घेऊन गेले म्हणतात. आज मोठे साहेब मला विचारत होते, आधी नेमकं काय ठरलं होतं?”

“कुणाला विचारत होते?”

“मला! इथं आधीचं माहीत असणारं दुसरं कुणी नाही म्हणे.”

“मंग सांग ना त्यायले.”

“मला तरी कुठे माहीत आहे? मी तर पहिला करार वाचलासुद्धा नाही.”

आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांना बाईंचं फोन कानाला लावणं आठवलं, साहेबांचे डोळे मिटणं आठवलं, आणि वर कुणालातरी सगळं ठाऊक असतं असं आपण किती वर्षं धरून चाललो होतो, तेही आठवलं. आता त्या ‘वर’च्या जागी आपलीच पोरगी जाऊन बसली होती.

“आबा? ऐकताय ना? काय सांगू मी त्यांना?”

“थांब जरा,” आबा म्हणाले. “मी विचार करतो.”

आणि फोन कानाला तसाच धरून ते खरोखरच विचार करू लागले.